एका मांडवात दोन कार्ये : परवानगी येण्याआधी पुण्यातील लग्नाची तारीख कशी धरावी

कोथरूड येथील एका निवृत्त शिक्षिकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत शिकली, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करण्याच्या मुभेवर, नोकरीला लागली आणि गेल्या वर्षी तिने अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या एका मराठी मुलाशी तिथल्याच काउंटी कार्यालयात लग्न केले. तिचा ग्रीन कार्डाचा अर्ज, म्हणजे आय-४८५, आणि प्रवासाच्या परवानगीचा अर्ज, म्हणजे आय-१३१, असे दोन्ही दाखल झाले असून पावत्याही आल्या आहेत. परवानगी मात्र आलेली नाही. त्यांचा मुलगाही अमेरिकेतच, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. नोकरीच्या आधारावर केलेला त्याचा आय-४८५ प्रलंबित आहे, त्याच्याकडे ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे हीच प्रवासाची आगाऊ परवानगी, आहे, पण पासपोर्टवरील एच-१बी व्हिसाची मुदत संपली आहे, आणि पुण्यातल्याच एका मुलीशी त्याचा साखरपुडा झाला आहे. तुळशीचे लग्न लागले की दोन्ही कार्ये दोन दिवसांच्या अंतराने एकाच मांडवात करावीत असा घरचा बेत आहे. कर्वे रस्त्यावरचे मंगल कार्यालय निम्मी रक्कम आत्ताच मागते आहे. ती भरावी का, आणि परवानगी वेळेवर आली नाही तर मुलीने ‘नुसते चार दिवस येऊन’ लगेच परतावे का, असे त्यांनी विचारले आहे.

अमेरिकेतील इमिग्रेशन वकिलांच्या कचेऱ्यांसाठी पुण्यातून कागदपत्रांचे काम मी गेली एकोणीस वर्षे करते आहे. वकिलाची जागा मी घेऊ शकत नाही. पण लग्नाच्या तारखा आणि परवानगीच्या तारखा एकमेकींत अडकतात तेव्हा घरोघरी काय होते, ते मी पुष्कळ पाहिले आहे.

आपला शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तिथे चूक झाली तर कार्यालयाचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. परवानगीचा कागद हातात येईपर्यंत मुलीने अमेरिकेबाहेर पाऊल टाकू नये. चार दिवसांसाठी नाही, आणि शेजारच्या कॅनडापर्यंतसुद्धा नाही. आय-४८५ प्रलंबित असताना ॲडव्हान्स पॅरोल न घेता देश सोडला, तर अर्जदाराने तो अर्ज स्वतःहून सोडून दिला असे तिथला नियम मानतो. आपण किती दिवसांसाठी गेलात, कोणाच्या कार्यासाठी गेलात, परतीचे तिकीट काढले होते की नाही, यांपैकी काहीही त्यात पाहिले जात नाही. पासपोर्टवर एफ-१ व्हिसा अजून शिल्लक आहे, हाही आधार नाही. विद्यार्थी म्हणून प्रवेश मागणाऱ्याने शिक्षण संपवून मायदेशी परतण्याचा हेतू दाखवायचा असतो, आणि मुलीने तर कायमच्या वास्तव्याचा अर्ज करून नेमके उलटे लिहून दिलेले आहे.

यावर पुण्यात हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘अर्ज तर केला आहे ना, मग ती येऊ दे, कागद मागाहून कुरियरने मागवू.’ या समजाला एक खरे कारण आहे आणि ते समजून घेतलेले बरे. आय-१३१ हा एकच फॉर्म वेगवेगळ्या प्रवासी कागदांसाठी वापरला जातो. ज्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि ज्याला बराच काळ देशाबाहेर राहायचे आहे, तो याच फॉर्मवर री-एंट्री परमिट मागतो. अर्ज करताना त्याने अमेरिकेत असावे लागते, पण नंतर तो निघू शकतो आणि परमिट त्याला परदेशातील कॉन्सुलेटमधून घेता येते. ॲडव्हान्स पॅरोलला ही सोय नाही. ते मंजूर होण्याआधी मुलगी निघाली, तर आय-४८५ बरोबर आय-१३१ सुद्धा सोडून दिल्याचे धरले जाईल. तेव्हा सोसायटीतल्या कुणाचा मुलगा अर्ज टाकून आला आणि त्याला कागद मुंबईत मिळाला, ही हकिकत बहुधा खरीच असते; फक्त त्या मुलाकडे ग्रीन कार्ड असते.

मुलगी तरीही आली, तर सगळे कायमचे बुडते असे मी म्हणणार नाही. नवऱ्याने पत्नी म्हणून तिच्यासाठी केलेली आय-१३० ही याचिका तिच्या प्रवासामुळे मरत नाही. ती पुढे मुंबईच्या कॉन्सुलेटकडे वळवून तिथून स्थलांतरिताचा व्हिसा घेता येतो. पण तोपर्यंत तिला भारतातच राहावे लागेल, ओपीटीवरची नोकरी जाईल, आणि हा काळ आठवड्यांत नव्हे तर महिन्यांत, कधी वर्षाहून अधिक मोजावा लागतो. अशा एका मुलीचे काम माझ्याकडे आले होते. सोळा दिवसांच्या रजेसाठी आलेल्या त्या मुलीची लग्नानंतरची पहिली दिवाळी आणि मंगळागौर अशी दोन्ही माहेरीच झाली. आजीला आनंद झाला होता, हे खरे.

आता परवानगी येणार कधी, हा प्रश्न. यूएससीआयएस, म्हणजे हे अर्ज हाताळणारे अमेरिकेचे सरकारी खाते, प्रत्येक अर्जाच्या प्रकारानुसार आणि कचेरीनुसार प्रक्रियेचा काळ आपल्या संकेतस्थळावर देते आणि तो वरचेवर बदलतो. पावतीवर ‘आयओई’ अशी तीन अक्षरे आणि पुढे दहा आकडे असा जो क्रमांक आहे, त्यावरून अर्जाची स्थिती पाहता येते. मात्र तिथे दिसणारा काळ म्हणजे आश्वासन नव्हे. तो आधी निकाली निघालेल्या अर्जांवरून काढलेला असतो. एकाच आठवड्यात दाखल झालेले दोन अर्ज, एक तीन महिन्यांत आणि दुसरा अकरा महिन्यांनी सुटल्याचे मी पाहिले आहे, आणि दोघींच्या कागदपत्रांत मला काहीही फरक दिसला नव्हता. म्हणून ‘साधारणपणे इतके महिने लागतात’ या आधारावर तारीख धरणाऱ्या कुटुंबाला मी नेहमी थांबवते.

अर्ज लवकर काढण्याची विनंती करता येते, आणि ती जरूर करावी. मोठे आर्थिक नुकसान, मानवतेच्या दृष्टीने तातडीचे कारण, सरकारचे हित, यूएससीआयएसची स्वतःची चूक, असे तिचे निकष आहेत, आणि प्रवासाच्या कागदांबाबत निकडीच्या पूर्वनियोजित खासगी कामाचाही विचार होऊ शकतो. परंतु अशा वेळी अर्जदाराने आय-१३१ वेळेत भरला होता का, हे पाहिले जाते. आपल्या मुलीने अर्ज पुण्यातील सोहळ्याचा बेत ठरण्याआधीच केला आहे, ही तिच्या बाजूची गोष्ट. विनंतीबरोबर कार्यालयाच्या नोंदणीची पावती, छापलेली किंवा छापायला दिलेली पत्रिका आणि आईवडिलांचे पत्र जोडावे, मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर अनुवादकाच्या स्वाक्षरीच्या प्रमाणपत्रासह द्यावे, आणि विनंती तारखेच्या दीड-दोन महिने आधी करावी. फार आधी केली तर निकड दिसत नाही, फार उशिरा केली तर कुणी वाचण्याआधीच अक्षता पडून जातात. ‘सहलीला जायचे आहे’ असा सूर पत्रात येऊ नये, कारण केवळ सुट्टीसाठीचा प्रवास निकडीचा मानला जात नाही. गोव्याची तिकिटे पुराव्यात जोडलेला अर्जही मी पाहिला आहे. याशिवाय ती राहते त्या मतदारसंघाच्या अमेरिकी काँग्रेसमधील, म्हणजे तिथल्या संसदेतील, सदस्याच्या कचेरीतूनही चौकशी करता येते. त्यासाठी तिला एक संमतिपत्र भरून द्यावे लागते, आणि तिथे कुणाचीही ओळख लागत नाही, हे पुण्यातल्या मंडळींना खरे वाटत नाही.

यूएससीआयएसच्या स्थानिक कचेरीतून, म्हणजे फील्ड ऑफिसमधून, मिळणारा तातडीचा ॲडव्हान्स पॅरोल हा वेगळा मार्ग आहे आणि तो मुख्यतः घरातील मृत्यू किंवा गंभीर आजारपण यांसाठी वापरला जातो. इथे एक मोह होतो आणि त्याविषयी स्पष्ट लिहिते. धडधाकट आजोबांना अतिदक्षता विभागात दाखल झाल्याचे दाखवणारे पत्र एखाद्या ओळखीच्या डॉक्टरांकडून घेणे हे कितीही किरकोळ वाटले, तरी अमेरिकी कायद्यात ते लाभ मिळवण्यासाठी केलेले खोटे निवेदन ठरते, आणि त्याची शिक्षा म्हणजे प्रवेशाला आयुष्यभराची आडकाठी होऊ शकते. त्याच आठवड्यात आजोबा वरातीत नाचतानाचे व्हिडिओ नातेवाईक समाजमाध्यमांवर टाकणार, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट वकिलाकडून तपासून घ्यावी : मुलीची ओपीटीची मुदत आणि आय-४८५ दाखल झाल्याची तारीख यांच्यामध्ये फट आहे का. १८० दिवसांहून अधिक बेकायदा वास्तव्य करून देश सोडल्यास तीन वर्षांची, आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक असल्यास दहा वर्षांची प्रवेशबंदी लागते. अरब्बली आणि येर्राबेल्ली या दांपत्याच्या प्रकरणात तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळाने २०१२ मध्ये असा निकाल दिला, की ॲडव्हान्स पॅरोल घेऊन केलेला प्रवास दहा वर्षांच्या बंदीच्या कामी ‘देश सोडणे’ ठरत नाही. निकाल दिलासा देणारा आहे, पण त्याच्या भरवशावर वकिलाला न विचारता कुणी विमानात बसू नये.

मुलाची गोष्ट मुळापासून वेगळी आहे, आणि दोन्ही कार्ये एकाच मांडवात बांधण्यातली खरी अडचण इथे आहे. एच-१बी आणि एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) धारकांना, ॲडव्हान्स पॅरोलशिवाय देश सोडू नये या नियमात अपवाद आहे. तो एच-१बीच्या अटी पाळत असेल, त्याच मालकाकडे कामावर परतणार असेल आणि वैध एच-१बी व्हिसावर प्रवेश घेणार असेल, तर ॲडव्हान्स पॅरोलशिवाय गेला तरी त्याचा आय-४८५ शाबूत राहतो. त्याच्या पासपोर्टवरील व्हिसा संपलेला असल्याने या मार्गाने परतायचे तर त्याला मुंबईत स्टँपिंग करावे, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घ्यावा लागेल. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीशिवाय, केवळ कागद टाकून व्हिसा मिळण्याची सोय बहुतेकांसाठी बंद झाली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून एच-१बी व एच-४ (एच-१बीधारकाच्या पत्नी-मुलांचा व्हिसा) अर्जदारांची समाजमाध्यमांवरील खाती तपासणे सुरू झाल्यावर भारतातील कित्येकांच्या ठरलेल्या मुलाखती महिनोन्‌महिने पुढे ढकलल्या गेल्या. तीन आठवड्यांची रजा घेऊन आलेल्या नवरदेवाने हा धोका पत्करू नये. ॲडव्हान्स पॅरोल हातात आहे, तर त्याने त्यावरच परतावे. ‘पॅरोल’ हा शब्द ऐकून पुण्यात येरवडा आठवतो आणि वधूपित्याचा चेहरा उतरतो, पण इथे त्याचा अर्थ आगाऊ मिळालेली प्रवेशाची मुभा एवढाच आहे.

मात्र याची एक किंमत आहे आणि ती सुनेला मोजावी लागते. पॅरोलवर आत गेलेला माणूस आपल्या एच-१बी मालकाकडे काम करू शकतो, पण त्या क्षणी त्याचा प्रवेश एच-१बी म्हणून झालेला नसतो. आणि सुनेचा एच-४ व्हिसा तर नवऱ्याच्या एच-१बी दर्जावर उभा असतो. एच-१बीची मुदतवाढ मंजूर झाली की तो दर्जा त्याला परत मिळू शकतो आणि मग तिचा एच-४ सरळ होतो. म्हणजे हळदीचे हात निघण्याआधी सून सोबत विमानात बसेल, ही अपेक्षा दोन्ही घरांनी आत्ताच सोडलेली बरी. लग्नाआधीच्या बैठकीत याद्या करताना मानपानाइतकाच वेळ या एका गोष्टीला दिला, तर पुढची कटुता टळते.

दुसरी बाब त्याहून मोठी आहे. मुलाचे ग्रीन कार्ड मंजूर होण्याच्या आधी लग्न झालेले असेल, तर पत्नीला त्याच अर्जाच्या आधारे, त्याच्याच प्राधान्य दिनांकावर, म्हणजे रांगेतील जागा ठरवणाऱ्या तारखेवर, ग्रीन कार्ड मिळू शकते. ती सोबत नसली तरी मागाहून येऊ शकते. ग्रीन कार्ड आधी मंजूर झाले आणि लग्न नंतर झाले, तर ही वाट बंद होते. मग ग्रीन कार्डधारकाची पत्नी म्हणून वेगळी याचिका करून वेगळ्या रांगेत उभे राहावे लागते. नोकरीच्या आधारावरच्या रांगेत भारतीयांना दशकाहून अधिक काळ थांबावे लागते, त्यामुळे अनेकांना हा प्रश्न दूरचा वाटतो. पण मुलाचा आय-४८५ दाखल झाला आहे, म्हणजे तो रांगेच्या तोंडाशी आलेला आहे. परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये त्याचा प्राधान्य दिनांक अंतिम मंजुरीच्या तक्त्यात चालू झाला, तर कार्ड कोणत्याही आठवड्यात मंजूर होऊ शकते. ग्रीन कार्ड आल्यावर पेढे वाटावेत आणि आठ दिवसांनी वकिलाने डोक्याला हात लावावा, असे घडलेले आहे.

तेव्हा आपल्या घरातील दोन कार्यांपैकी मुलाची तारीख पुढे सरकवण्यासारखी नाही, आणि मुलीची मात्र हवी तितकी सरकू शकते. घरात बहुधा उलटे वाटत असते, कारण मुलीचे ‘अजून लग्न व्हायचे आहे’ असे सगळे बोलतात. कायद्याने तिचे लग्न गेल्या वर्षी काउंटी कार्यालयात झाले, आणि तिच्या ग्रीन कार्डाला पुण्यातील सोहळ्याची काहीही गरज नाही. मुलाचा साखरपुडा झाला आहे. पण साखरपुड्याला ना भारतीय कायद्यात विवाहाचे स्थान आहे, ना अमेरिकी कायद्यात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ नुसार, ज्या विधींत सप्तपदी आहे त्यांत सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. अमेरिकेच्या दृष्टीने मुलाची तारीख ती.

कुणी सुचवेल, की मग मुलाचे लग्न व्हिडिओ कॉलवर आत्ताच लावून टाकावे. अमेरिकेतील एका राज्यात असे ऑनलाइन विवाह होतातही. परंतु विवाहसमयी दोघे एकमेकांसमोर प्रत्यक्ष उपस्थित नसतील, तर त्यानंतर ते पती-पत्नी म्हणून एकत्र आल्याखेरीज इमिग्रेशन कायदा तो विवाह मानत नाही. म्हणजे भेट व्हावीच लागते, आणि भेट होणारच असेल तर अंतरपाट धरलेला काय वाईट?

नोंदणीबाबत दोघांसाठी सल्ला नेमका उलट आहे. मुलाने लग्नानंतर लगेच, परतीच्या आधी, नोंदणी करावी. त्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ च्या वाटेला जाऊ नये, कारण तिथे ३० दिवसांच्या नोटिशीची अट आहे आणि त्याची रजाच तेवढी नाही. वैदिक पद्धतीने विवाह करून महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंदणी करणे हा सरळ मार्ग आहे. नमुना ड चे विवाह ज्ञापन, वधूवर, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या गुरुजींची स्वाक्षरी, लग्नपत्रिका, विधींचे छायाचित्र, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, असा तो मामला आहे. गुरुजींची स्वाक्षरी कार्यालयातच, दक्षिणा देताना घ्यावी. लग्नसराईत ते दुसऱ्या दिवशी नाशिकला असतात. कार्यानंतर किमान चार-पाच कामाचे दिवस पुण्यात हाताशी राहतील अशी परतीची तारीख ठेवावी, आणि सत्यनारायण व देवदर्शन त्या दिवसांच्या आधीमागे बसवावे. सुनेच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला हे प्रमाणपत्र लागणार आहे.

मुलीने मात्र पुण्यातील सोहळ्याची पुन्हा विवाह म्हणून नोंदणी करू नये. असे करणारी कुटुंबे दरवर्षी भेटतात, आणि त्यामागे ‘इथलाही एक कागद असावा’ एवढाच भाबडा विचार असतो. परिणामी एकाच जोडप्याची दोन विवाह प्रमाणपत्रे, दोन तारखांची, तयार होतात. अमेरिकी अर्जांवर गेल्या वर्षीची तारीख लिहिलेली आहे. मुलाखतीत अधिकाऱ्यासमोर दुसरी तारीख आली, की साध्या गोष्टीचे स्पष्टीकरण देत बसावे लागते. भारतात विवाहाचा पुरावा लागला, तर तिकडचे प्रमाणपत्र त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाकडून अपॉस्टिल करून, म्हणजे परदेशात चालणारे प्रमाणीकरण जोडून, आणावे. पत्रिकेवर ‘शुभविवाह’ छापायला हरकत नाही, पण याच कारणाने समारंभाचे वर्णन कोणत्याही सरकारी फॉर्मवर ‘विवाह’ म्हणून करू नये. सोहळ्याचा उपयोग नाही असे नाही. दोन्हीकडच्या नातेवाइकांसह काढलेली छायाचित्रे, खर्चाच्या पावत्या, आहेराची यादी, हे सगळे तो संसार खरा असल्याचे चांगले पुरावे आहेत. ग्रीन कार्ड मंजूर होताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर तिला दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळेल, आणि त्यावरील अट काढण्याच्या अर्जात हाच अल्बम पुन्हा कामी येईल. माहेरचे आडनाव बदलायचे असेल तर ते या साऱ्यानंतर. पासपोर्टवर एक नाव आणि परवानगीच्या कागदावर दुसरे, असे करून चेक-इनच्या रांगेत उभे राहू नये.

मुलीला परवानगी मिळाली, की तिने कागदावरील शेवटची तारीख पाहावी. ती निघण्याची नव्हे, परतण्याची मुदत असते, आणि परत प्रवेश त्या तारखेच्या आत व्हायला हवा. कागद म्हणजे प्रवेशाची हमीही नाही. विमानतळावर तिला बहुधा वेगळ्या खोलीत बसवून तपासणी होईल, त्यामुळे पुढचे विमान लगेचचे घेऊ नये. तिकीट शक्यतो मुंबईहून थेट न्यूयॉर्क किंवा न्यूअर्कचे असावे. युरोपातील काही विमानतळांवर आणि ब्रिटनमध्ये भारतीय पासपोर्टधारकांना नुसते विमान बदलण्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असणाऱ्यांना त्यातून मिळणारी सूट ॲडव्हान्स पॅरोलच्या कागदाला मिळेल असे धरून चालू नये. हे मुलालाही लागू आहे, कारण त्याचा व्हिसा संपलेला आहे. तिच्या गैरहजेरीत अमेरिकेतील टपाल रोज पाहणारे कुणी असावे. मुलाखतीचे बोलावणे आले आणि ते चुकले, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. आणि बोलावणे ती निघण्याआधीच आले, तर सोहळा पुढे ढकलावा, मुलाखत नाही. अमेरिकी नागरिकाशी झालेल्या लग्नावरच्या अर्जात कधीकधी ग्रीन कार्डच परवानगीच्या आधी येते, आणि मग या परिच्छेदाची निम्मी काळजी मिटते.

आता कार्यालय. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त मुलासाठी घ्या आणि त्याची रक्कम खुशाल भरा. मुलीसाठी तीच तारीख धरण्याचा आग्रह सोडावा. दोघांचे एकत्र करण्यात मांडव, आचारी, लांबून येणारे पाहुणे यांचा खर्च वाचतो हे मला मान्य आहे. पण मुलीची परवानगी आली नाही तर ती स्वतःच्या सोहळ्यालाच नव्हे, भावाच्या लग्नालाही येऊ शकणार नाही. ते दुःख आहेच. त्यात दुसऱ्या कार्यालयाच्या पैशांची भर कशाला? तिच्या सोहळ्यासाठी माघ-फाल्गुन आणि वैशाख असे दोन काळ मनाशी धरून ठेवावेत. एरवी पौष आणि चातुर्मास टाळणाऱ्या घरांनाही गुरुजी काढीव मुहूर्त देतात, आणि पंचांगात आपत्कालीन मुहूर्त छापलेले असतात. विवाह कायद्याने झालेलाच असल्याने केवळ संस्कार म्हणून रविवार सकाळ निवडली, तरी कोणाची हरकत असू नये. गुरुजींना ही पार्श्वभूमी आधी मोकळेपणाने सांगावी. परदेशातील नोंदणीनंतरचे विधी त्यांना नवे नाहीत.

कार्यालयाशी बोलताना तोंडी ‘बघू, करू’ वर समाधान मानू नये. लग्नसराई नसलेल्या दिवसासाठी इसार कमी घेतात आणि तारीख एकदा विनामूल्य बदलून देण्यास बरेच जण तयार होतात. ही अट पावतीच्या मागे का होईना, लिहून व शिक्का मारून घ्यावी, आणि ‘रद्द’ व ‘बदल’ हे शब्द त्यात वेगवेगळे असावेत. केटररशी पानांचा दर आज ठरवावा, पानांची संख्या तारखेच्या पंधरा दिवस आधी सांगण्याचे ठरवावे. छायाचित्रकार आणि मेंदीवाली यांना आगाऊ रक्कम देण्याची घाई नको. दागिने आणि शालू यांना मुदत नसते, ते हवे तेव्हा घ्या. जावयाकडे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड, असेल तर त्याला व्हिसाची चिंता नाही. त्याच्या अमेरिकी मित्रांनी मात्र भारताचा ई-व्हिसा काढावा, आणि त्यांना तिकिटे काढायला मुलीचा कागद आल्याशिवाय सांगू नये. परवानगी आल्यापासून सोहळ्यापर्यंत सात-आठ आठवडे मिळाले, की पुण्यात एक नीटनेटके कार्य उभे राहते. दीडशे पानांचे असेल तर पाच आठवडेही पुरतात.

निम्मी रक्कम भरताना पावतीवर मुलाचे आणि सुनेचेच नाव घालून घ्यावे. मुलीच्या विनंतीअर्जाला कार्यालयाची पावती जोडायची वेळ येईल, तेव्हा ती तिच्या स्वतःच्या नावाची, तिच्या स्वतःच्या तारखेची, वेगळी असली पाहिजे.